काळी चारचा बास: गणपतीपर्यंतच्या नोंदी

१८ मे २०२५

यंदा गणपती २७ ऑगस्टला. परवा मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की अभंगांच्या कार्यक्रमात माझा बास, म्हणजे बास गिटार, ऐकूच येत नाही, तेव्हा मोठा सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) भाड्याने आणावा. बुवांनी गेल्या वर्षी तक्रार केली होती ती जरा वेगळी होती. "अरे, तुजां ता गिटार नुसता घुमता, सूर खंय असा?" घुमतो म्हणजे आवाज पोचतोय, सूर लागलेला कळत नाही. त्याला वॉट वाढवून काय होणार? दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबलची भर. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेवढ्यात मंडपाचे पत्रे थरथरतील आणि सूर तरीही कळणार नाही.

म्हणून सांगून आलो की सबवूफरचे पैसे तूर्त राहू द्या, मी आधी बास उघडून बघतो.

वाद्य असं: जॅझ बासच्या धर्तीचा चार तारांचा, दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारं वेटोळं), पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी-प्रीअँप काही नाही. जुना, कुणीतरी वापरून सोडलेला घेतला होता. स्केल ३४ इंच, म्हणजे नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) तारेची मोकळी लांबी ८६४ मिमी. नेक मेपलचा, फिंगरबोर्ड शिसवीचा. साथीला पखवाज, पेटी, झांजा आणि एक कीबोर्ड. बुवांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी हा त्यांचा षड्ज. घर मालवणच्या खाडीपासून चालत जाण्याइतकं जवळ, हेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या निम्म्या भानगडी त्या खाऱ्या वाऱ्याच्या आहेत.

२० मे

मागची प्लेट काढली. जॅकच्या आतल्या जिभेवर हिरवट थर, व्हॉल्यूमच्या दोन्ही पॉटमध्ये (नॉबखालच्या रेग्युलेटरमध्ये) खरखर, ब्रिजपासून येणारी अर्थची तार ब्रिजखाली नुसती दाबून ठेवलेली आणि तिथेही गंज.

जॅक: आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या काडीचा कापूस, मग जीभ आत किंचित वाकवली म्हणजे प्लग घट्ट धरते. केबल हलवली की कर्र होतं ते नव्वद टक्के वेळा इथलंच असतं. लोक मात्र आधी केबल फेकून देतात.

पॉट: इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर फटीतून आत मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवायचा. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूत रॉकेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल सोडायची पद्धत आहे. पॉटमध्ये ते कधीही नको. तेल कार्बनच्या पट्टीवर बसून धूळ धरून ठेवतं आणि दोन महिन्यांत खरखर दुपटीने परत येते.

अर्थची तार: ब्रिज उचलला, खालचं लाकूड आणि धातू पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, तारेचं टोक पसरवून पुन्हा दाबलं. ब्रिजवरच्या सॅडलचे, म्हणजे एकेका तारेखालच्या टेकूचे, बारीक स्क्रू गंजून बसले होते. त्यांना गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब काडीने लावला आणि रात्रभर ठेवलं. जोर केला असता तर ॲलन कीचं भोक गोल होऊन गेलं असतं. मग ड्रिल लावण्यावाचून इलाज राहत नाही.

२५ मे

मान्सून आजच कोकणात आला. मे महिना संपायच्या आत! आंबे अजून झाडावर, लाकूडफाटा बाहेर, सगळ्यांची धावपळ. माझीही, कारण खोलीतला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा काटा, ८८ टक्के दाखवतोय. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवते. आपल्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत तो आकडा दिसणार नाही, तेव्हा आदर्शाचा नाद सोडायचा आणि चढउतार कमी कसा राहील ते बघायचं.

जागा बदलली. बास भिंतीवर टांगलेला होता. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि आतल्या बाजूने सोडत राहते, भिंतीला टेकलेली पाठ कायम ओली. आता तो कपाटात, उभा, पाठीमागे हातभर हवा. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात जुना पिवळा बल्ब संध्याकाळी दोन तास लावतो, कपड्यांपासून आणि बासपासून लांब, मी घरात असतानाच. हवा थोडी तापली की तिची ओल कमी होते, एवढंच तत्त्व. एलईडी बल्ब या कामाचा नाही, तो तापतच नाही. हार्ड केस मात्र पावसाळ्यात बंद करून ठेवायची नाही. आतल्या मखमलीला जी बुरशी येते तिचा वास पुढच्या शिमग्यापर्यंत जात नाही.

फिंगरबोर्डला आता तेल लावायचं नाही. शिसव आधीच पाणी पिऊन फुगलेली आहे. लेमन ऑइलचा हात हिवाळ्यात, हवा कोरडी असते तेव्हा. आणि खोबरेल तर कधीच नाही. शेजारच्या काकांनी प्रेमाने वाटी आणून दिली होती, तिची सोलकढीशी गाठ घालून दिली. खोबरेल खवट होतं, चिकट होतं आणि फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेला काळा मळ धरतं.

८ जून

अपेक्षेप्रमाणे पहिल्या चार फ्रेटवर झणझण सुरू झाली. नेकची मागची बाजू पॉलिशखाली बंद, पुढचा शिसवीचा फिंगरबोर्ड उघडा. ओल लागते ती पुढच्या बाजूला. ती फुगते, नेक मागे झुकतो, आणि तारा खालच्या फ्रेटना घासतात.

मोजायची पद्धत: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, बोटाने दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघायची. ०.३ मिमीच्या आसपास हवी. माझ्याकडे ती शून्य होती, तार सरळ फ्रेटवर लोळलेली. मोजायला फिलर गेज लागतो. तो कुठल्याही मोटरसायकलच्या गॅरेजात टॅपेट सेट करायला असतोच. नाक्यावरच्या मेकॅनिकने दिला, आणि गिटारला टॅपेट असतात का, असं विचारून घेतलं.

ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सांभाळणारी सळई) डावीकडे, म्हणजे सैल, पाव फेरा. तेवढाच. मग बास ट्यून करून रात्रभर ठेवला. लाकूड लगेच ऐकत नाही, सकाळी काय म्हणतंय त्यावर पुढचा पाव फेरा ठरवायचा. घट्ट करायची वेळ आली तर आधी तारा थोड्या उतरवायच्या, चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या घरात असतो आणि त्याच्याविरुद्ध रॉडचा नट फिरवायला लावणं म्हणजे तो नट खाणं. ॲलन की नेमक्या मापाची हवी. इंचाच्या नटात मिलिमीटरची की 'जवळजवळ' बसते, आणि तिथेच कोपरे झिजतात.

सकाळी ०.३ आला. मग १७ व्या फ्रेटवर तारांची उंची: ई तार २.४ मिमी, सगळ्यात बारीक जी तार २ मिमी. मी बोटं जरा जोरात टाकतो म्हणून ई थोडी वर ठेवली. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला स्वर नेमका लागतो का ते: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर पुढे. हा क्रम उलटा करून उपयोग नाही. उंची बदलली की इंटोनेशन पुन्हा हलतं.

१५ जून

तारांचा निर्णय. जुन्या राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्यांच्या) तारा बोटाखाली खरखरीत झाल्यात, पुसल्या की फडक्यावर तांबूस रेघ. तार निकेलचा मुलामा दिलेली असली तरी गाभा पोलादाचा आणि वेटोळ्यांच्या खाचांत घाम आणि मीठ साचतं. स्टेनलेसच्या तारा गंजायला चिवट, पण फ्रेट खातात. कोटिंगच्या तारा, एलिक्सर वगैरे, टिकतात आणि किंमतही तशीच.

मी फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीच्या वेटोळ्यांच्या, मागवल्या. १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बास आला तो जमाना फ्लॅटवाउंडचाच होता. राउंडवाउंड बास तारा रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने १९६६ मध्ये 'द हू' बँडचा बासवादक जॉन एंटविसल याच्या मदतीने रुळवल्या, तेव्हापासून बासला ती झणझणीत धार आली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन मात्र शेवटपर्यंत जाड फ्लॅटवाउंडवर राहिला आणि तुटेपर्यंत तार बदलायची नाही या मताचा होता. डेट्रॉइटमध्ये ते जमत असेल, मालवणच्या हवेतही त्यातल्या त्यात जमण्यासारखी तार हीच: पृष्ठभाग सपाट, मीठ साचायला खाच नाही, फडकं एकदा फिरवलं की स्वच्छ.

पखवाजी म्हणाला, फ्लॅटने आवाज आणखी घुमणार. शंका खरी आहे. फ्लॅटला वरची धार कमी. पण आपल्याला तशीही ती चकाकी नको आहे, झांजा आहेत त्या कामाला. आपल्याला मधला सूर हवा, आणि तो तारेइतकाच उजव्या हाताच्या जागेवर अवलंबून आहे. बघू.

२२ जून

चुलतभाऊ कोकणकन्येने कुडाळला उतरला, त्याच्या बॅगेत तारा. ४५ ते १०५ चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशांत), लाँग स्केल. मागवताना 'लाँग स्केल' बघून मागवा, शॉर्ट स्केलची फ्लॅट तार ३४ इंची बासवर खुंटीपर्यंत पोचते तेव्हा तारेच्या पूर्ण जाडीच्या भागाऐवजी टोकाची रेशमी गुंडाळीच नटवर येते.

लावताना: तार खुंटीच्या पुढे साधारण चार-पाच इंच ठेवून तिथे काटकोनात मोडायची आणि मोडीच्या पलीकडे कापायची. आधी न मोडता कापली तर आतलं वेटोळं सैल सुटतं आणि तार कायमची मुकी होते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात, मग दोन-तीन वेढे वरून खाली. वेढे खाली उतरले की तार नटवर नीट दाबून बसते.

फ्लॅटचा ताण त्याच जाडीच्या राउंडपेक्षा सहसा जास्त असतो. दुसऱ्या दिवशी फट ०.४५ झाली. ट्रस रॉडला लगेच हात लावला नाही, कारण डोक्यात दुसरंच काही घोळतंय.

६ जुलै, आषाढी

देवळात रात्रभर भजन. बासला गर्दीत जागा मिळाली ती पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेसमोर, म्हणजे त्याच्या खर्जाच्या तोंडासमोर. तिथून सगळं उलगडलं.

धुमेला कणीक लावली की तिचा आवाज खाली जातो आणि लांबतो. माझी ई तार त्याच खोलीत राहते. दोघं एकाच वेळी समेवर उतरलो की देवळाच्या गाभाऱ्यातून एकच मोठा 'धूम्म' येतो, त्यात स्वर कुठला हे खुद्द मलाही कळेना. पखवाजी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या धुमेर येऊ नको रे." त्याचं बरोबर आहे. धूम कुठे जाणार? हलायचं मलाच.

दुसरी गोष्ट काळी चारची. काळी चार म्हणजे जी शार्प. साध्या ट्यूनिंगमध्ये बासच्या चार मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. काळी चारच्या हिशेबात मांडल्या तर ई म्हणजे कोमल धैवत, ए म्हणजे कोमल ऋषभ, डी म्हणजे तीव्र मध्यम, जी म्हणजे शुद्ध निषाद. षड्जही नाही, पंचमही नाही! शेवटची भैरवी आली तेव्हा ई आणि ए चपखल बसल्या, कोमल रे-ध भैरवीचेच. पण त्याआधीच्या भूपातल्या अभंगात माझी न वाजवलेली ए तार आपोआप थरथरत होती आणि खाली सतत कोमल ऋषभाची धूळ उडत होती. बुवांना 'सूर कळत नाही' वाटतं त्यात हिचा मोठा वाटा असणार.

७ जुलै

कालचं डोक्यात घोळत होतं ते करून पाहिलं. चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. आता मोकळ्या तारा काळी चारमध्ये अशा: चौथी पंचम (खर्जातला), तिसरी षड्ज, दुसरी शुद्ध मध्यम, पहिली कोमल निषाद.

षड्ज-पंचम मोकळ्या तारांवर. आपोआप थरथरली तरी तार सूरच देते, जवळपास तंबोऱ्यासारखी. आणि चार तारांच्या बासला काळी चारमध्ये षड्जाच्या खालचा पंचम मिळतच नव्हता, तो पाच तारांचा बास न घेता मिळाला. त्यात फ्लॅट तारांचा वाढलेला ताण खाली आला: अर्धा स्वर उतरवलं की ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. फट पुन्हा मोजली, ०.३ च्या अगदी जवळ. ट्रस रॉडला हात न लावता काम झालं.

दुसऱ्या पट्टीत गायचं झालं तर? बुवांचा घसा बसला की ते पांढरी पाचवर येतात. तेव्हा षड्ज पंचमाच्या तारेवर चौथ्या फ्रेटला, आणि खर्जातला पंचम नाही. चालेल. रोजच्या पट्टीला वाद्य लावायचं, अडीअडचणीच्या पट्टीला बोटं लावायची. डावी तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्यावर षड्जाला, करंगळी सहाव्यावर: हात जागचा न हलवता सा ते वरचा सा, शुद्ध स्वरांचं अख्खं सप्तक त्याच चार फ्रेटमध्ये येतं. ज्याला पट्ट्यांची भीती वाटते त्याने ही एक मांडणी घोटावी, बारा पट्ट्या सुटतात.

ट्यूनर ४४० वर (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) ठेवून चालत नाही. आमची पेटी जरा चढी आहे, ४४३ ला बसते. आधी पेटीचा षड्ज ट्यूनरवर बघायचा, ट्यूनरचा आधार तिथे आणायचा, मग तारा लावायच्या. पेटी वळत नाही, आपण वळायचं.

१९ जुलै

भातलावणी चालू आहे. दिवसभर तरवा काढून संध्याकाळी बोटं पाण्याने सुरकुतलेली, मऊ. अशा बोटांनी जोरात वाजवलं की पाणफोड ठरलेला. म्हणून या आठवड्यात सगळा रियाज हलक्या हाताने, अँप चढवून. हे खरं तर कायमच करावं. तार जोरात ओढली की ती आधी चढी लागते आणि मग स्वरावर येते, शिवाय फ्रेटला आपटते. हलक्या हाताला पहिल्या क्षणापासून स्वर.

उजव्या हाताची जागा: दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवलेत. जॅझ बासच्या दोन पिकअप एकमेकींविरुद्ध गुंडाळलेल्या असतात, दोन्ही सारख्या उघड्या असल्या की बाहेरची घुंघुं आपसात कटते. एकीचा नॉब कमी केला की ती परत येते. तेव्हा आवाज घट्ट करायचा तो नॉबने करायचा नाही, हात ब्रिजकडे सरकवून करायचा. अंगठा पुढच्या पिकअपवर होता तो आता मागच्या पिकअपवर. तार तिथे ताठ लागते, दोन दिवस बोटं कुरकुरली, पण फ्लॅट तारेतून जो मधला, 'ओ' सारखा स्वर निघतो तो धुमेच्या वर स्पष्ट उभा राहतो. पखवाजीची शंका इथे मिटली.

अंगठा एका जागी रोवून ठेवायचा नाही. जी वाजवताना तो खालच्या तारांवर उतरतो आणि त्या मुक्या करतो. बोटं आळीपाळीने, तर्जनी-मध्यमा, तार छेडून बोट पुढच्या तारेवर विसावलं पाहिजे.

आणि बैठक. बासचे सगळे धडे उभ्याने किंवा खुर्चीवर. आपण वाजवतो मांडी घालून. मांडीवर बास आडवा ठेवला की हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, खाली जातो, डाव्या हाताला वाजवायचं सोडून नेक उचलून धरायचं काम लागतं आणि मनगट मोडतं. उपाय: बसूनही पट्टा लावायचाच, आणि बॉडी डाव्या मांडीकडे सरकवून नेक खांद्याच्या उंचीला तिरका वर. मनगट सरळ झालं की ताण निम्म्यावर येतो. अंगठ्याने नेकला मागून चिमटा काढल्यासारखं धरायचं नाही. अधूनमधून अंगठा सोडून वाजवून बघायचं, सूर तसाच राहिला तर पकड बरोबर आहे.

२ ऑगस्ट

मंडपाची वायरिंग बघायला वायरमनला घेऊन गेलो. दरवर्षी एका घरातून दोन वायरी ओढतात, टोकाला दोन पिनांचा बोर्ड. अर्थ नाहीच. बासवाल्याचे हात सतत तारांवर, तारा ब्रिजमार्गे अँपच्या चासीला जोडलेल्या. समोर मायक्रोफोन दुसऱ्याच लाइनवरचा. ओठ माइकला लागले की झटका. पावसात, ओल्या सतरंजीवर बसून, हे थट्टेवारी न्यायचं प्रकरण नाही.

वायरमनने टेस्ट लॅम्प लावला. फेज-न्यूट्रलला बल्ब लख्ख, फेज-अर्थला मिणमिणता. मंडपामागे जुना अर्थचा खड्डा होता, पण जांभ्या दगडात. जांभा कोरडा पडला की वीज मुरवत नाही. खड्डा खोल करून कोळसा-मिठाचे थर नव्याने भरले, पाणी घातलं, नवी पट्टी टाकली. आता दोन्हीकडे बल्ब सारखा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवला. मंडळाने वाचवलेल्या सबवूफरच्या पैशांतला पहिला खर्च हा, आणि माझ्या मते सगळ्यात योग्य.

घुंघुं ओळखायची खूण: तारांना हात लावला की कमी होत असेल तर वाद्याची अर्थ ठीक आहे, फक्त आवरण कमी पडतंय. हात लावला की वाढत असेल तर वायरिंगमध्येच दोष, प्लग काढून बाजूला व्हायचं. आणि अँपच्या प्लगची अर्थची पिन कापून घुंघुं घालवणारा कुणी भेटला तर त्याला मंडपात येऊ देऊ नये.

काळी चारवाल्यांना घुंघुं आणखी एका कारणाने नडते. आपली वीज ५० हर्ट्झची. बासवरचा काळी चारचा षड्ज ५१.९ हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे. षड्ज धरून ठेवला की तो डुलतो. गेल्या वर्षी मला वाटायचं तार उतरलीय आणि मी खुंटी पिळत बसायचो. हेलकावा विजेचा होता.

१० ऑगस्ट

डीआय बॉक्स, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, आला. गेल्या वेळी साउंडवाल्याने बासची केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसली होती. पॅसिव्ह पिकअपला समोर साधारण १० लाख ओहम हवे असतात, लाइन इनपुट असतं हजारांत, साधारण दहा-वीस हजार. पिकअपचा जीव तिथेच गुदमरतो: आवाज बारीक होतो, मधला सूर बुजतो, मग साउंडवाला खालचा बेस चढवतो, आणि परत सगळं घुमायला लागतं.

आता बास ते डीआय सहा मीटरची केबल, त्याहून लांब नको, डीआय ते मिक्सर एक्सएलआर केबल, ती मंडपभर न्या. पॅसिव्ह बासला ॲक्टिव्ह डीआय बरा, तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालतो. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सिग्नलची अर्थ तोडतं, विजेची नाही. म्हणून ते दाबणं सुरक्षित आहे आणि पिन कापणं नाही.

२३ ऑगस्ट

मंडपात रंगीत तालीम. पाऊस पत्र्यावर कोसळतोय.

साउंडवाल्याला तीन गोष्टी सांगितल्या: बासच्या चॅनलवर ४० हर्ट्झच्या खालचं कापा, २५० च्या आसपास थोडं उतरवा, ७००-८०० च्या आसपास थोडं चढवा. तो आधी म्हणाला, बासला मिड कोण चढवतं? चढवल्यावर बुवांनी पेटीवरून मान वर करून बघितलं.

धुमेचा वाद असा सुटला: भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत समेवर मी छोटा, तोडलेला षड्ज देतो, डावं बोट हलकेच उचलून. धूम लांबते तेव्हा मी गप्प. पाचव्या मात्रेला मी लांब स्वर धरतो, तिथे पखवाज मोकळा असतो. गजर चढला, लय दुप्पट झाली की फक्त सम आणि अर्ध. त्या वेगात चार-चार स्वर वाजवले तर बुवांना लय ओढल्यासारखी वाटते आणि हातही मरतो. पखवाजी आता धुमेबद्दल काही बोलत नाही.

२८ ऑगस्ट

काल मूर्ती बसली. आज फक्त आरत्या, बास कपाटात. आर्द्रता ९१. फट ०.२५, राहू दे.

१ सप्टेंबर

गौरीपूजनाच्या रात्री कार्यक्रम झाला. तीन अभंगांनंतर बुवांनी पट्टी बदलली, पांढरी पाच, घसा धरला होता. चार फ्रेटची मांडणी कामी आली. भैरवीला मात्र काळी चारवरच परतले. आता मोकळ्या तारांत कोमल रे-ध नाहीत, म्हणून दोन्ही बोटाने दाबून घेतले, पहिल्या फ्रेटवर, तिथे झणझण नाही. मंडळाचे खजिनदार मागे उभे होते, म्हणाले, "यंदा तुजो सूर गावलो रे." सबवूफरचा विषय कुणी काढला नाही. उरलेल्या पैशांत दुसरा डीआय कीबोर्डसाठी घ्यायचं ठरतंय.

४ सप्टेंबर

तारा कोरड्या फडक्याने वरून-खालून पुसल्या. गंजाचा ठिपका नाही. ब्रिजच्या स्क्रूंना मशीन ऑइलचं बोट. पहिल्या तारेच्या खुंटीचा मागचा स्क्रू थोडा सैल आहे, घट्ट केला तरी दोन गाण्यांत पुन्हा ढिला होतो. लाकडातलं भोक मोठं झालंय. काडेपेटीची काडी आणि थोडा फेव्हिकॉल घालून उद्या परत बसवायचा. ऑक्टोबरात हवा कोरडी पडायला लागली की नेक पुढे येईल, तेव्हा ट्रस रॉड पाव फेरा उजवीकडे, आणि त्याआधी फिलर गेज गॅरेजवाल्याकडून पुन्हा मागून आणायचा.